शुक्रवारचे पत्ते

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही. देवासमोर बसते तेव्हासुद्धा एवढं गाळूनच हात जोडते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही वन्संना पाहिलेलं नाही. पाहिलं असतं, तर माझं ऐकायला थांबला असता का?

निजामाच्या अमलातली गोष्ट. आम्ही हिंगोलीला होतो. हे सरकारी दवाखान्यात डॉक्टर. घरात तिसरं माणूस म्हणजे वन्सं — यांची थोरली बहीण. वय तिशीचं, आणि विधवा होऊन सोळा वर्षं झालेली. तेव्हा तिथल्या अंमलदारांत पोकर नावाचा पत्त्यांचा खेळ शिरला होता. त्यांच्यात बसून आपलं हसं होऊ नये, म्हणून यांनी घरी सराव काढला. शुक्रवारी सुट्टी असायची. जेवणं झाली की सतरंजीवर हे आणि मी, मध्ये चिंचोक्यांचा ढीग.

आणि मला तो मेला खेळ येईना! मी मेंढीकोट खेळून वाढलेली. पहिल्याच दिवशी विचारलं, "हुकूम कोणता?"

"यात हुकूम नसतो."

मग जिंकायचं कशानं? पाच पत्ते घ्यायचे, चिंचोके लावायचे, नकोसे पत्ते बदलायचे, पुन्हा चिंचोके, मग दाखवायचं. इथवर समजलं. पण जोडीपेक्षा दोन जोड्या मोठ्या, त्याहून एकसारखे तीन, त्याहून ओळीनं पाच, आणि त्याहूनही पाचही बदाम किंवा पाचही किलवर — काहून? ओळीनं पाच यायला काय कमी नशीब लागतं? "काहून म्हणू नको, पाठ कर," हे म्हणायचे. मी भाकरी थापताना पाठ करायची आणि शुक्रवारी नेमकं उलटं बोलायची. एकदा पाचापासून नवापर्यंत ओळ लागली. ऐटीत मांडली. यांनी पाच किलवर टाकले, चिंचोके ओढले आणि हसले. मी पत्ते भिरकावले. रडले असते, पण रडण्याचाही संताप आला होता.

वन्सं कोपऱ्यात तूर निवडायच्या. एका शुक्रवारी सूप बाजूला सारून यांना म्हणाल्या, "अण्णा, वैनीनं राजा काहून टाकला? जोडी व्हती की तिच्या हाती."

बघून बघून शिकल्या होत्या! मी जागा दिली. तिसऱ्या शुक्रवारी त्यांनी सगळे चिंचोके पुढं लोटले. यांच्याकडे दोन जोड्या, तरी भिऊन डाव सोडला. वन्संनी आपले उघडे केले. "माझ्या हाती काईच न्हवतं रे, अण्णा!"

दोघं डोळ्यांतून पाणी येईतो हसले. त्या घरात वन्संना हसताना मी तोवर ऐकलं नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं — नाही वाटलं. यांनी पुढच्या शुक्रवारी सतरंजी घातली, तेव्हा मला हाक मारली नाही. वन्संना मारली. माझ्याबरोबर हे असे कधी हसले होते?

त्याच आठवड्यात शिरड शहापूरहून यांचे काका आले. हे दवाखान्यात, वन्सं देवळात. पाणी पिऊन काकांनी सहज विचारलं, "समदं बरं हाय ना, सूनबाई?"

बरं आहे म्हटलं असतं तर संपलं असतं.

"वन्सं त्या कंपाउंडरसंगं पत्ते खेळून राहिल्यात," मी म्हणाले. "दुपारचं. हे घरी नसताना."

कंपाउंडर येई तो दवाखान्याची किल्ली द्यायला. ओट्यावर ठेवून जाई. घरात त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं — आणि हे माझ्याहून बराबर कुणाला ठाऊक होतं?

दुसऱ्या सकाळी काका वन्संना घेऊन निघाले. यांना एवढंच म्हणाले, "लोक बोलून राहिले." "कोण लोक?" यांनी दोनदा विचारलं. काकांनी माझं नाव घेतलं नाही. मी चुलीपाशी होते. एक शब्द पुरला असता. मी भाकरी उलटली.

वन्संनी दोन लुगडी बांधली आणि बैलगाडीत बसल्या. शिरड शहापूरला त्यांना मागची खोली मिळाली. ओसरीवर यायचं नाही, विहिरीवर एकटीनं जायचं नाही. यांनी पुन्हा पत्ते हाती धरले नाहीत. का, ते मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

निजामाचं राज्य गेलं, त्या साली काकांच्या घरच्या लग्नाला गेलो. पंगत बसली होती. वन्संनी मला गोठ्याकडे नेलं. केस पार पांढरे.

"वैनी, माझं काय चुकलं व्हतं? काका बोलले न्हाईत. अण्णाबी बोलला न्हाई. तुला ठाव हाय का?"

आसपास कुणी नव्हतं. त्या थांबल्या होत्या — घाई नव्हती त्यांना.

"न्हाई," मी म्हणाले.

"जाऊ दे. तुला काहून तकलीफ," असं म्हणून त्यांनी माझी धाकटी कडेवर घेतली आणि उन्हातून सावलीत गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात त्या वारल्या. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, आणि हे त्यांना शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. सांगू शकणारी मी एकटीच होते.