सिस्टरबाईंचा तांब्या

आमच्या सिस्टरबाई तातडीच्या विभागात आलेल्या पोरांना एक प्रश्न कधीच विचारत नसत : असं का केलंस? बाकी सगळं विचारत. जेवलीस कधी, थंडी वाजते का, जवळ कोण थांबलेलं चालेल. जमलेल्या नातेवाइकांना त्या अशा नजरेने बाहेर काढत, की एखादा मामा चपला तिथेच विसरायचा.

हे मला ठाऊक आहे, कारण सतराव्या वर्षी बारावीत नापास झाल्यावर मी जिवाचं बरंवाईट करायला गेले आणि लातूरच्या दवाखान्यात त्यांच्या हाती पडले. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पाट्या नव्या आणि नळ कोरडे, असा तो दुष्काळ. औशात दुकान असलेले, चारचौघांत मान असलेले आमचे अण्णा डॉक्टरांना सांगत होते, "पाय घसरून पडली."

सिस्टरबाईंनी त्यांना बाजूला घेतलं. "सोयऱ्यांना काय सांगायचं ते तुमी बघा, अण्णा. डॉक्टरला खोटं सांगितलं तर विलाज चुकतो. अब्रू मोठी का लेकरू?" अण्णा रडले आणि खरं बोलले. म्हणून मी वाचले.

घरी सोडताना बाई प्रत्येक पोराच्या हाती आपल्या पितळी तांब्यांपैकी एक भरून देत. "वाटंत पाणी न्हाई मिळायचं. सोमवारी माझा मला आणून दे." दुसऱ्याचं भांडं ठेवून घ्यायची आमच्याकडे रीत नाही, त्यामुळे पोरं झक मारत येत. मग चहा, गप्पा, डॉक्टरांची भेट आणि तांब्या पुन्हा हातात. चलाख बाई.

एका सोमवारी मी गेले नाही. तेच विचार पुन्हा डोक्यात घोळत होते. दुपारच्या एसटीने बाई दारात हजर. "माझा तांब्या कुठं हाय?" तो आणताना मला रडू फुटलं.

"लई जड झालं का गं? मग सांगायचं की. एकटीच सोसून राहिलीस." आल्या पावली मला घेऊन त्या दवाखान्यात गेल्या. त्यानंतर वर्षभर माझा एकही सोमवार चुकला नाही.

निवृत्त होऊन त्या कंधारला निघाल्या, तेव्हा मी तांब्या घासूनपुसून, भरून स्टँडवर नेला. त्या घोटभर पाणी प्यायल्या आणि तांब्या त्यांनी परत माझ्याच हातात दिला. "असू दे. लागंल कुणाला तरी."

बाई वारल्या, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. फार आठवण येते. मागच्या महिन्यात शेजारची पोरगी दवाखान्यातून घरी आली, आई तिला धरून चालत होती. मी काहीच विचारलं नाही. तांब्या भरून तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "सोमवारी माझा मला आणून दे."