कडेवरीण

सुरतमधल्या डिंडोलीच्या आमच्या घरात कुणी ओरडून बोलत नसे. उपयोगच नव्हता. लूमखात्यातल्या यंत्रमागांच्या आवाजाने माझ्या वडिलांचे, आबांचे, कान केव्हाच गेले होते. ते समोरच्याचे ओठ वाचत. त्यात घोटाळे होत. शेजारीण "भाऊ आला" म्हणाली, की आबा "पाऊस आला" समजून दोरीवरचे कपडे काढून आणत.

तेव्हा, नव्वदच्या दशकात, मी एम.एस्सी. करत होते. सेमिनारचा विषय होता कॅडहेरिन, पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या प्रथिनांचं कुटुंब. विषय मिळाला त्याच आठवड्यात आबांच्या पोटदुखीचा रिपोर्ट आला. पोटातली गाठ कर्करोगाची होती आणि रोग यकृतात पोचला होता. डॉक्टरांनी ते मला एकटीलाच सांगितलं. आबांना कसं सांगावं ते सुचेना, म्हणून मी त्यांच्यासमोर बसून सेमिनारचंच भाषण म्हणून पाहू लागले.

"ही कडेवरीण कोण?" आबांनी आपल्या अहिराणीत विचारलं.

मला हसू आलं. "कॅडहेरिन, आबा. एक पेशी दुसरीला धरते ना, ती याच्यामुळे."

"तेच ते. कडेवर लेणारी. मंग सोडस कसाले?"

आजारात हे प्रथिन कमी पडतं, मी म्हटलं. पकड सुटते, पेशी आपली चालू लागते आणि दुसरीकडे जाऊन संसार थाटते.

"म्हंजे पोऱ्या कडेवरून उतरी गया." माझ्या ओठांवरची नजर त्यांनी हलवली नाही. "मना पोटमधला गया कोठे?"

मी तोंड फिरवलं आणि भिंतीकडे पाहत म्हणाले, "यकृतात."

"भिंतले सांगू नको. ती बी बहिरी शे."

मग मी वळले. सावकाश, तोंड नीट हलवत, यकृतासाठी त्यांचाच शब्द वापरून म्हटलं, "काळजात, आबा."

आबा मिशीत हसले. "उनाड शे. बापवर गया. मी बी गाव सोडीसन सुरतले उनू."

सेमिनार झाला तेव्हा आबा हयात नव्हते. फळ्यासमोर उभी राहिले आणि पहिल्याच वाक्यात माझ्या तोंडून कडेवरीण निघून गेलं. आमच्या सरांनी गुजरातीत विचारलं, "काय? परत सांग."

मी आवाज चढवला नाही. तोंड नीट हलवलं आणि तोच शब्द पुन्हा म्हटला.