शेवंतीची भावकी

माझी आई भांडुपला आमच्या खोलीत बसून हार गुंफते. सकाळी शेवंती आणि झेंडूची पोती येतात, दुपारी हारवाला तयार हार घेऊन जातो. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. मी वनस्पतिशास्त्र घेतलं तेव्हा आई म्हणाली होती, "फुलांचा शिकाक कॉलेज कित्याक व्हया? माझ्या बाजूक बस, फुकट शिकवतंय."

त्या हिवाळ्यात तिच्या बोटांची टोकं फाटायला लागली. आधी नुसती खाज, मग कातडी जाड झाली, मग भेगा. सुई धरली की ती ओठ दाबायची. शेजारच्या काकू म्हणाल्या पाण्याने झालंय, मामा म्हणाला थंडीने. ती बोटांना चिकटपट्टी गुंडाळून गुंफत राहिली. हार सैल व्हायला लागले आणि हारवाला दारातूनच म्हणाला, "मावशी, जमत नसेल तर सांगा ना. पलीकडच्या गल्लीतली बाई मागतेय काम." आईने बोटाची सुटलेली पट्टी दाबली आणि पुढचं फूल उचललं. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. हात गेले तर काम जाणार होतं, आणि काम गेलं तर आई दिवसभर काय करणार, हे मला दिसेना.

मुलुंडला आमच्या कॉलेजच्या बागेत तेव्हा कॅलेंडुला फुललं होतं. केशरी, झेंडूसारखंच वाटणारं, पण पान साधं, लांबट. प्रॅक्टिकलला बाईंनी ते फूल उभं चिरून भिंगाखाली ठेवलं. मी वाकले आणि पाहतच राहिले. ते एक फूल नव्हतंच. बाहेरची प्रत्येक पाकळी म्हणजे एक स्वतंत्र फूल होती आणि मधल्या गोल ठिपक्यात नळीसारखी इवली फुलं दाटीने उभी होती. प्रत्येकाचं सगळं वेगळं. बाई म्हणाल्या, शेवंतीचंही असंच, झेंडूचंही. आमच्या खोलीत पोत्याने येणाऱ्या शेवंतीकडे मी त्या दिवशी कितीतरी वेळ बघत बसले. आई एका फुलात सुई घालते असं मी समजत होते, ती अख्ख्या गावातून सुई काढत होती.

कॅलेंडुलाचं तेल कातडीला बरं वाटायला लावतात, हेही बाईंकडूनच कळलं. मी जरा चाचरतच आईच्या हातांविषयी सांगितलं. त्यांनी बागेतल्या, फवारणी न केलेल्या फुलांच्या वाळवलेल्या पाकळ्या दिल्या आणि बजावलं, "बाजारचा झेंडू यात घालू नकोस. ते वेगळं झाड आणि वर औषधं मारलेली. पाकळ्या कोरड्या ठणठणीत हव्यात, नाहीतर तेलाला बुरशी येते. उघड्या भेगेवर लावायचं नाही, पोटात तर नाहीच. आणि आधी आईला विचार, शेवंतीची ॲलर्जी आहे का? असेल तर हे नकोच."

मी घरी येऊन विचारलं. आई खळखळून हसली. "लगीन झाल्यापासून शेवंतीच गुंफतंय. माका कसली ॲलर्जी? असती तर कधीच मेलं असतंय."

मलाही ते पटलं. इतकी वर्षं जे फूल हातात आहे, ते हाताला कसं चालणार नाही?

तरी पाकळ्या खोबरेलात मुरवून तेल गाळून झाल्यावर मी हट्ट धरला की आधी थोडंसं कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, बाकी कुठे नाही. आईने हात पुढे केला, पण तोंड चालूच. "खाज बोटांक आणि तेल कोपराक! ह्याच शिकवतत तुमका?"

"लाव ना गं. दोन-तीन दिवस बघू."

"बघ हां, कोपर एकदम गुळगुळीत होतला."

दुसऱ्या दिवशी काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने मला हाक मारली. जिथे तेल लावलं होतं, तेवढ्याच जागी लाल, बारीक पुळ्यांचं वर्तुळ उठलं होतं. मी घाबरून ते धुतलं आणि कॉलेज बुडवून तिला पालिकेच्या दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी कोपर पाहिलं, बोटं पाहिली, आणि विचारलं, "काम काय करता?" मग तिच्या पाठीवर वेगवेगळ्या फुलांचा अर्क लावलेल्या छोट्या पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं. पट्ट्या काढल्या तेव्हा शेवंतीच्या जागी आणि झेंडूच्या जागी तीच लाली होती. ते म्हणाले, "वर्षानुवर्षं हाताळूनच अंग एखाद दिवशी उलटतं. कॅलेंडुला त्याच कुळातलं, म्हणून कोपरही उठलं." बोटांसाठी मलम दिलं आणि ही फुलं हातात घ्यायची नाहीत म्हणून सांगितलं.

मला अजूनही याचं नवल वाटतं, आणि ते नीट सांगता येईल की नाही कोण जाणे. मी ती कुळं पाठ केली होती, परीक्षेत लिहिली होती. आईच्या कातडीने पुस्तक पाहिलं नव्हतं. कॅलेंडुला तर तिने जन्मात कधी हातात घेतलं नव्हतं. तरी तिच्या अंगाने एका थेंबात नातं ओळखलं.

रिक्षात आईने विचारायला सुरुवात केली.

"अष्टर चलात?"

"नाही. तेही त्यातलंच."

"जरबेरा?"

"तेही."

"म्हणजे सगळी एकाच भावकीतली! आणि भांडण माझ्या हातार काढतत." मग तिने पुढचं नाव काढलं. "मोगरो?"

मी मनात कूळ आठवलं, पुन्हा एकदा खात्री केली. "मोगरा वेगळा. पण आधी बोटं बरी होऊ देत, आणि थोड्याच कळ्या."

तिने तिथूनच हारवाल्याला फोन लावला. "शेवंती नको धाडू. ती त्या पलीकडच्या गल्लीतल्या बाईक दी. माका थोडे दिवस सुट्टी, मगे मोगरो धाड. गजरे करतंय."

तो काहीतरी म्हणाला. आई म्हणाली, "येत नाय तर शिकान."

भेगा भरल्या तेव्हा मोगऱ्याचे दिवस सुरू झाले होते. पहिल्या सकाळी तिने मूठभरच कळ्या घेतल्या. गजऱ्याला सुई नसते, दोऱ्याची गाठ प्रत्येक जोडीमागे आवळावी लागते. तिची गाठ सुटली, कळ्या ओटीत पडल्या. तिने त्या वेचल्या, दोन कळ्या इकडे, दोन तिकडे धरल्या आणि दोरा पुन्हा फिरवला. या वेळी गाठ बसली. चिकटपट्टी नसलेलं बोट तिने गाठीवर दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने पुढची कळी उचलली.