तिसगावची निकाली कुस्ती

नगरहून पाथर्डीकडे निघालेली मोटार कोळशाच्या गॅसवर चालत होती. लढाई संपली तरी पेट्रोल मिळत नव्हते. करंजीच्या घाटात ती दमली, तेव्हा आम्ही सगळे उतरून तिच्यामागून चाललो. "साहेब, तुम्ही बसा," ड्रायव्हर मला म्हणाला. मी देशाच्या कुस्ती संघटनेचा चिटणीस आहे, हे त्याला कोणीतरी सांगितले होते.

मी वाटेवरच्या तिसगावला चाललो होतो. वीस वर्षांपूर्वी तिथेच मी इस्माईल नावाच्या मल्लाला चीत केले, असे पंचांनी जाहीर केले. त्या कुस्तीने माझे नाव झाले. आधी तालमीचा कारभार हाती आला, मग जिल्ह्याचा, प्रांताचा आणि शेवटी देशाचा. खरे तर त्याचा डावा खांदा मातीला लागलाच नव्हता. दोन बोटे जागा होती.

आता देशाच्या संघाला वस्ताद (कुस्ती शिकवणारा) हवा होता. इस्माईलइतका जाणता माणूस मला माहीत नव्हता.

तो ओसरीवर कापूस पिंजत बसला होता. भुवयांवर तंतू चिकटले होते.

"वळखलं की," तो म्हणाला. "कुस्तीत मोडलेलं कान तसंच हायेत तुमचं."

त्याच्या बायकोने शेंगोळे (हुलग्याच्या पिठाची रश्श्यात शिजवलेली कडबोळी) वाढले. फार तिखट होते. जेवण झाल्यावर मी म्हणालो, "इस्माईलभाई, त्या दिवशी तुमचा खांदा लागला नव्हता."

"ठावं हाय मला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की. हरलेल्याचं कोन ऐकतंय?" त्याने हात झटकले. "आब्बा जाईस्तवर इचारायचे, तुझी पाठ लागलीच कशी?"

"मी तेव्हाच सांगायला हवं होतं," मी म्हणालो.

"हितं सांगून काय उपेग न्हाई," तो म्हणाला. "आज बाजार हाय, दुपारी कुस्त्या हायेत. तितं सांगा."

आखाड्यावर मला हार घातला गेला. मी उभा राहून सांगून टाकले. गलका होईल असे वाटले होते, पण बहुतेकांना ती कुस्ती ठाऊकच नव्हती. पुढे बसलेला एक म्हातारा शेतकरी ओरडला, "जोरात बोला, ऐकू येईना!"

"ती कुस्ती मी जिंकलो नव्हतो," मी ओरडून म्हणालो. "इस्माईल हरला नव्हता!"

म्हातारा मागे वळला. "ऐकलंस का रं, इस्माईल?"

इस्माईल पुढे आला, मातीला हात लावून कपाळाला नेला आणि घरी निघून गेला. पहिली जोड आखाड्यात उतरली.

संध्याकाळी मोटारीपाशी तो आला. मी वस्तादकीचे विचारले.

"येतो. पर तुमी चिटनीस हाये तवर न्हाई."

एवढेच बोलून तो वळला. नगर येईपर्यंत मी काहीच ठरवले नव्हते. केडगावला मुक्काम केला आणि सकाळी राजीनामा लिहिला.

पुढे इस्माईल शिबिरात रुजू झाल्याचे मला वर्तमानपत्रातून कळले. त्याने फार मागितले, असे काही मित्र म्हणाले. त्याच्या जागी मी असतो, तर याहून जास्त मागितले असते.