पिशवीतला पाय

ह्यांच्या उजव्या अंगठ्याला नवी चप्पल चावली. साखरेने पायाचं भान गेलेलं, त्यामुळे दुखलं काही नाही. मोजा ओला लागला तेव्हा मीच म्हटलं, "अहो, हे रक्त आहे." हे खाली वाकून दुसऱ्याचा पाय बघावा तसे बघत राहिले.

इंदूरच्या सर्जनने औषधं दिली आणि बजावलं, जखम काळी पडली तर लगेच या, अंगठा काढू, पाय वाचेल. अंगठा काढण्याचं ऐकून हे जेवेनासे झाले. रेल्वेत गार्ड होते, जन्मभर पायांवर उभे राहिलेले. मग शेजारणीने आमच्याच गावातल्या, टावर चौकातल्या ओझोनवाल्या डॉक्टरांचं नाव काढलं.

नानाखेड्याहून आम्ही रिक्षाने जायचो. पाय ओला करून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे, वर पट्टा आवळायचे आणि नळीने ओझोन गॅस सोडायचे. अर्धा तास हे खुर्चीत आणि पाय पिशवीत. डॉक्टर माणूस खरा होता. पहिल्याच दिवशी म्हणाला, "अम्मा, घाव साफ़ होने में मदद मिलती है, बदबू जाती है, किसी-किसी का जल्दी भरता है. सबका नहीं. सूई-दवा और सर्जन मत छोड़ना." गॅस नाकात जाऊ द्यायचा नाही, हेही सांगितलं. एकदा पट्टा सैल राहिला तर ह्यांना असा खोकला लागला की दुपारपर्यंत छाती धरून होते. शेजारच्या खुर्चीतला एक व्यापारी गॅस थेट शिरेत द्या म्हणून मागे लागला होता. त्याला डॉक्टर ओरडला, "मरना है क्या सेठ?"

चार-पाच दिवसांत वास गेला. कडेने लाल मांस दिसायला लागलं. हे पोळी मागून खायला लागले. "बघ, तुझ्या सर्जनला म्हणावं सुरी ठेव घरी," असं मला म्हणाले. मी हसले. ते हसू आता आठवलं की माझाच राग येतो.

डॉक्टरने पंधरा-वीस वेळा यावं लागेल असं म्हटलं होतं. मी देवापुढे सुपारी ठेवून एकवीस दिवस पुरे करीन असं बोलले. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी चौथी शिकलेली बाई, मला नेम कळतो. लग्नानंतर सोळा सोमवार धरले होते, अकराव्याला सोडले आणि पहिलं मूल राहिलं नाही. तेव्हापासून धरलेलं काही मी अर्धं टाकलं नाही.

चौदाव्या दिवशी पिशवी काढल्यावर अंगठ्याचं टोक काळं दिसलं. डॉक्टरने मला एकटीला दाराबाहेर बोलावलं. "अब गैस नहीं दूँगा. ख़ून नहीं पहुँच रहा. आज ही इंदौर ले जाओ." मी विचारलं, "सात बाक़ी हैं, उनका क्या?" तो म्हणाला, "अम्मा, ये कोई व्रत नहीं है."

ह्यांना मी सांगितलं, आता घरीच तेल लावायचं आहे. डॉक्टरनेच आधी दिलेलं ओझोनचं तेल होतं, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं. माधव नगरला राहणारी आमची मुलगी, शाळेत शिकवते ती, आली की मी आधी पांढरा मोजा चढवून ठेवायची. "आई, बघू दे ना."

"सुकतंय. उघडं केलं तर धूळ बसेल."

"अगं, डॉक्टर काय म्हणाले?"

"तेल लाव म्हणाले."

असे सात दिवस मी पुरे केले. एकविसाव्या दिवशी नारळ फोडला, सुपारी उचलली. त्याच दुपारी ह्यांना थंडी वाजून ताप भरला. मुलीने मोजा ओढून काढला आणि सरळ गाडी बोलावली. इंदूरला पाय गुडघ्याखाली कापला.

लोक मला विचारतात, ओझोनने गेला का पाय? मी नाही म्हणते. जेवढं त्याने व्हायचं तेवढं झालं होतं, आणि जिथे थांबायचं तिथे तो डॉक्टर थांबला होता.

शुद्धीवर आल्यावर चौथ्या दिवशी ह्यांनी विचारलं, "त्या दिवशी बाहेर बोलावून काय म्हणाला होता तो?"

मी सांगितलं. सगळं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही लगेच इंदूरला गेला असतात."

"हो. गेलो असतो."

त्यापुढे सात महिने हे जगले. माझ्याशी बोलत, चहा मागत, पेपर मोठ्याने वाचून दाखवत. पण पट्टीला मला हात लावू देत नसत. मुलगी रोज शाळा सुटली की यायची. मी गरम पाणी, कापूस काढून ठेवायची आणि तिची पट्टी होईपर्यंत बाहेरच्या पायरीवर बसायची.