वड्याचं माप

आमच्या डोंबिवलीच्या कारखान्याने संशोधन करून एक यंत्रहात बनवलेला. बटाटावडा न चेपता उचलून डब्यात ठेवायचा. पण गिऱ्हाईक विचारायचं, "कुठला वडा?" सगळ्यांना मान्य असा चाचणीचा वडा ठरल्याशिवाय यंत्र खपणार नव्हतं. ते ठरवायला वर्तकनगरच्या एका हॉलमध्ये समिती बसायची.

तिथे एक काका यायचे. नाव कधी कळलं नाही. खिशातून व्हर्नियर काढून ते वड्याची जाडी मोजायचे, व्हर्नियर रुमालाला पुसायचे आणि वडा खाऊन टाकायचे. ठाणेकर नि कल्याणकर आपापल्या वड्यासाठी भांडत असताना काका डोळे मिटून म्हणायचे, "अजून अभ्यास हवा." आणि पुढचा नमुना उचलायचे. मी नुसता चरफडायचो.

परवा एकदाचं एकमत झालं. अध्यक्ष म्हणाले, "चला, बैठका संपल्या."

व्हर्नियर खिशात ठेवताना काका एवढेसे दिसले. मग हळूच म्हणाले, "आणि वड्याला चटणी लागलेली असली तर? हात घसरेल की हो!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. यंत्र माझं, घाईही माझीच.

"मुद्दा बरोबर आहे," मी म्हणालो. "पुढच्या वेळी हिरवी आणि लाल, दोन्ही मागवू या."