संदीपची एक्झिट मेडिकल

“मॅडम, फक्त सही करायची आहे. माणूस बाहेर बसलाय,” एवढं बोलून आमचे एचआर मॅनेजर देशपांडे यांनी फोन ठेवला.

चाकणमधल्या एका वायरिंग हार्नेस बनवणाऱ्या कंपनीत मी डॉक्टर आहे. हार्नेस म्हणजे गाडीच्या अंगातून फिरणारा वायरींचा जुडगा. दिवे, हॉर्न, वायपर, सगळं त्याच्या जिवावर चालतं. कुणाचं बोट कापलं, कुणाला चक्कर आली की माझ्या दवाखान्यात आणतात. नोकरी सोडणाराही शेवटी माझ्याकडेच येतो. तो धडधाकट बाहेर पडतोय असं तपासून लिहून द्यायचं, याला एक्झिट मेडिकल म्हणतात. खरं सांगू का, त्यात कुणालाच रस नसतो. जाणाऱ्याला घाई आणि एचआरला त्याहून घाई.

बाहेर संदीप बसला होता. लाइनवर तयार हार्नेस तपासणारा इन्स्पेक्टर, मूळचा लातूरकडचा, राहायला काळेवाडीत, वय पस्तिशीच्या आसपास. त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, म्हणजे एमएस. यात शरीराची राखण करणारी यंत्रणाच उलटते आणि मेंदूतल्या, पाठीच्या कण्यातल्या नसांवरचं आवरण कुरतडते. मध्यंतरी त्याची नजर अंधुक झाली, पाय जड पडले, तेव्हा निदान झालं. उपचारांनी नजर परतली, पायही सुधारले. आजार पुन्हा उसळू नये म्हणून इंजेक्शनं चालू होती. ती भयंकर महाग, पण कंपनीच्या मेडिक्लेममध्ये बसत होती. नोकरी गेली की मेडिक्लेम गेला, इंजेक्शनं थांबली की आजार मोकाट. आणि हा बाबा राजीनामा देऊन माझ्यासमोर बसलेला.

मी नजर तपासली, हाताची पकड बघितली, सरळ रेषेत चालायला लावलं. सगळं छान.

“अरे, तू तर मागच्या खेपेपेक्षा बरा आहेस. मग सोडतोयस कशाला?”

“असंच.”

“दुसरीकडे मिळाली का?”

“नाही.”

“आणि इंजेक्शनांचं काय?”

“काय करायचंय घेऊन.”

हे तो रागाने म्हणाला असता तर मी समजावलं असतं. पण आवाज अगदी सपाट होता. मी पेन खाली ठेवलं, त्याला चहा मागवला आणि त्याचे सुपरवायझर तापकीर यांना बोलावून बाजूच्या खोलीत गाठलं. तापकीर इथल्याच जुन्या गावकीतले. आवाज मोठा, मन त्याहून मोठं.

“मामा, संदीपचं काय चाललंय?”

“कशाचं काय मॅडम, पोरगं लई शांत झालंय. पर आमी त्याला तळहातावर ठेवलाय बरं का! लाइनीवरनं काढला, टूल रूमात बशिवला. जड उचलायचं न्हाई, पळायचं न्हाई. त्याच्या वाटंचं काम पोरं आपसात वाटून घेत्यात.”

“तिथे सोबत कोण असतं?”

“कुनी न्हाई. निवांत असतो एकटाच.”

“कुणाशी बोलतो?”

“न्हाई वो. खंडेनवमीला सगळ्यांनी आपापल्या वायरी बांधायच्या बोर्डाला हार घातला, नारळ फोडला. ह्यो आलाच न्हाई. म्हनलं, आसंल मनाला लागलेलं. आसला आजार झाल्यावर कोन हसंल?”

मला असा राग आला म्हणता! पण काढणार कुणावर? वाईट वागलेलं कुणीच नव्हतं. सगळ्यांनी मिळून, अगदी प्रेमाने, एका चांगल्या इन्स्पेक्टरला पाने-पक्कडींच्या कपाटांमध्ये एकटं बसवून बिनकामाचं केलं होतं. मी त्याच्या बायकोला, वर्षाला, फोन लावला. ती म्हणाली, “घरी आले की भिंतीकडे तोंड करून पडतात, मॅडम. मुलीशीसुद्धा बोलत नाहीत. मी पण काही विचारत नाही. असा आजार झाल्यावर कोण हसेल?”

लाइनवर तेच वाक्य, घरात तेच वाक्य. वाक्य खोटं नाही, पण त्यामुळे पुढचा प्रश्न कुणी विचारतच नाही. तो मी विचारला. परत जाऊन संदीपच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

“संदीप, मरून जावं असं वाटतं का?”

त्याने चहाचा कप बाजूला ठेवला. मग म्हणाला, “करणार काही नाही मॅडम. पण रात्री झोपलो आणि सकाळी उठलोच नाही, तर बरं होईल.”

असा प्रश्न विचारला की माणसाच्या डोक्यात नको ते शिरतं, अशी लोकांना भीती असते. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस जरा सैल होतो. त्याला मी एकट्याला सोडलं नाही. वर्षाला ताबडतोब बोलावून घेतलं आणि देशपांडेंना फोन केला.

“सही होणार नाही. राजीनामा होल्डवर ठेवा.”

“मॅडम, तो स्वतःहून चाललाय. आपण कुठे काढतोय? आणि फिट नाही का तो?”

“हातापायांनी फिट आहे.”

“मग अडलं कुठे?”

“ते त्याचं खासगी आहे. डॉक्टर म्हणून सांगते, आत्ता त्याने घेतलेला कुठलाही निर्णय पक्का धरू नका.”

“वरून विचारणा झाली तर?”

“माझं नाव सांगा!”

देशपांडे कुरकुरले, पण माणूस सज्जन. त्यांनी राजीनामा तसाच ठेवला.

संध्याकाळी मी त्या दोघांना घेऊन पिंपरीतल्या न्यूरॉलॉजिस्टकडे गेले. मी पिंपळे गुरवला राहते, वाटेतच पडतं. न्यूरॉलॉजिस्टनी संदीपचा एमआरआय स्क्रीनवर लावला.

“हे पांढरे ठिपके म्हणजे आवरण खराब झालेल्या जागा. यातले काही कपाळामागच्या भागात आहेत. मनाचा तोल सांभाळणाऱ्या भागांना जोडणारे रस्ते इथून जातात. एमएसच्या पेशंटमध्ये डिप्रेशन इतरांपेक्षा बरंच जास्त दिसतं. आणि ज्यांना ते होतं, त्यांच्यात या रस्त्यांची खराबी, काही भाग थोडे आक्रसलेले, असं पुष्कळदा आढळतं.”

संदीपने स्क्रीनवर बोट ठेवलं. “म्हणजे ह्या ठिपक्यामुळे?”

“असं बोट ठेवून नाही सांगता येत. एवढेच ठिपके असलेला दुसरा पेशंट मजेत असतो. आजाराचा धक्का, आतली सूज, एकटेपणा, सगळं मिसळलेलं असतं. पण हा आजाराचाच भाग असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत.”

“म्हणजे मी मनाचा कच्चा नाही?”

“पाय जड पडले होते, तेव्हा तुम्ही पायांचे कच्चे होतात का?”

तेव्हा संदीप रडला. मोठ्याने, लहान मुलासारखा. वर्षा म्हणाली, “मला वाटायचं, माझ्यावरच रागावलेत.” मी उगाच पर्समध्ये किल्ल्या शोधत बसले.

पुढचं काही जादूसारखं झालं नाही. मनोविकारतज्ज्ञांची पहिली गोळी मानवली नाही, ती बदलली. समुपदेशनाला जायला तो कंटाळायचा, वर्षा हाताला धरून न्यायची. ठिपके आजही तिथेच आहेत. तापकीरांची समजूत घालणं सगळ्यात अवघड गेलं. “आजारी मानसाला कामाला लावू?” म्हणून ते माझ्याशीच भांडले. शेवटी संदीपला लाइनवर परत घेतलं. एमएसमध्ये थकवा फार येतो, उकाड्याने त्रास वाढतो, म्हणून मधे मधे विश्रांती आणि पंख्याजवळची जागा दिली. तयार हार्नेस तपासायचं काम मात्र पूर्ण त्याचं. काही महिन्यांनी त्याने स्वतः जाऊन राजीनामा मागे घेतला.

परवा तो दवाखान्यात आला. मला वाटलं, आभार मानायला आला असेल.

“मॅडम, तापकीर मामा ओव्हरटाइम देत नाहीत. म्हणतात, मॅडमनी सांगितलंय.”

“बरोबर आहे. मीच सांगितलंय. थकलास तर त्रास वाढेल.”

“सगळ्यांना मिळतो, मलाच नाही! माझ्या अंगाचं मला कळत नाही का?”

“नाही मिळणार म्हटलं ना.”

“मग कंपनीच्या एमडींकडे जातो. तुमची तक्रार करतो.”

“खुशाल कर.”

तो तणतणत उठला आणि त्याने दार असं काही आपटलं की नर्स दचकून धावत आली. काय झालं मॅडम, म्हणाली. मी हसत हसत डोळे पुसले, म्हटलं, “अगं, संदीप भांडून गेला!”

सोशिक पेशंट म्हणून कुणाचं कौतुक करायचं मी आता बंद केलंय. गप्प बसलेल्या माणसाला आधी तपासते.